तांबडी आणि पिवळी

चैत्र उतरणीला लागलेला. तळ्याचं पाणी आटत आटत ओंजळीएवढं उरलेलं, आणि माळाच्या मुरमावर ऊन भाजत, भुरभुरत, भगभगत पडलेलं. थकलेलं ऊन, थकलेलं पाणी.

पाण्याकाठी तांबडी टिटवी. डोळ्यापाशी कातडीची रक्तवर्ण पाळी, काळाभोर गळा आणि जन्मभर चढलेला स्वर. कुत्रं दिसो, माणूस दिसो, नुसती सावली हलो: टिटीव-टिटीव-टिव! वर माळावर, खड्यांत अंडी उबवत, तिचीच चुलतबहीण, पिवळी. हळदीच्या पाळीची, मृत्तिकावर्णी, मितभाषिणी. पाय दोघींचे पिवळेच. फरक काय तो कंठाचा.

गावानं दोघी जावांची नावं तिथूनच उचलली. थोरली गजरा तांबडी. धाकटी तानू पिवळी; नवरा वारल्यापासून तर शब्द विसरलेली. तिच्या वाट्याला तेवढा माळ आला होता, आणि त्यावर चरणाऱ्या शेळ्या.

त्या माळाचा मुरूम गजराच्या नवऱ्यानं परस्पर विकला. गजरा घरात ओरडली, पारावर ओरडली, जावेच्या वाटणीचंही ओरडली. लोक म्हणाले, ही ओरडायचीच. नवरा जेवून, हात धुऊन उठला. आता तिच्या गळ्यात आवाज नव्हता. नुसता फुफाटा होता.

सकाळी जेसीबी आला, पीतवर्ण, प्रचंड, गुरगुरता. गजरा तळ्याकाठून घोगरी ओरडत धावली. डोक्यावरून तांबडी किंचाळत गेली. ड्रायव्हरनं गाणं मोठं केलं. ओरडणाऱ्या बायका त्यानं गावोगाव पाहिल्या होत्या.

तानू मात्र चालत आली. दातेरी बकेटसमोर पदर सावरून बसली, अंड्यांवर बसावी तशी. बोलली नाही. हलली नाही.

"मावशी, उठा की. आमी हुकमाचं ताबेदार."

तानूची नजर बकेटच्या दातांवर.

"अवो, शिव्या तरी द्या!"

गाणं थांबलं. मग इंजिन थांबलं.

गजरा धापा टाकत पोचली. तोंड उघडलं, मिटलं. "सरक गं जरा," ती पुटपुटली, "माझ्या घशाला आज सुट्टी." आणि जावेला खेटून बसली.

ड्रायव्हरनं फोन लावला. "मालक, तुमची बायकोबी बसलीया म्होरं... न्हाई, ओरडत न्हाई. गप बसलीया."

पलीकडून गजराच्या नवऱ्याचा आवाज आला, उतरलेला.

"...माघारी फीर."

धूळ उठली, धूळ निवली. खड्यांमधल्या खड्यांसारख्या अंड्यांवर पिवळी पुन्हा टेकली. तळ्यावर तांबडी उतरली, एकदाच टिव् म्हणाली. आणि मग तीही, उन्हात, एका पायावर, गप्प.