फुकटच्या जागेची पाहणी

ऑफिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणं हे तिचं काम. जळालेली दुकानं, चेपलेल्या गाड्या, पाणी शिरलेली गोदामं. कुणी सांगितलं की सगळं कापड खाक झालं, तर ही राखेत काडी घालून बघणार, खरंच कापड होतं की नुसती खोकी. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती बघायचीच नाही, हातांकडे बघायची. ही सवय घरी आल्यावरही सुटत नसे. नवरा जहाजावर इंजिनिअर, घरी कमी आणि समुद्रावर जास्त, म्हणून त्याचं निभावलं. लेकीचं बालपण मात्र उलटतपासणीत गेलं.

अशा बाईला एक छंद होता. दिवसभर मोडलेलं बघून डोळे शिणायचे, मग वाटेत कुणीतरी दुरुस्त केलेली वस्तू दिसली की ती फोन काढायची. तारेने पाय बांधलेली खुर्ची. डांबराने बूड बुजवलेली बादली. सायकलच्या फाटक्या सीटवर ओढून शिवलेली जॅकेटची बाही. फोन भरला की तो लेकीच्या हातात देऊन म्हणायची, “रिकामा करून दे गं. कचरा आहे सगळा, टाकून दे.”

एका सुट्टीच्या दिवशी लेक आणि जावई जेवायला आले होते. जावई छापखान्यात औषधांच्या खोक्यांची मांडणी करायचा. माणूस अबोल. विचारलं तेवढंच बोलणार, तेही अर्धं गिळून. पण त्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, “आई, त्या दुरुस्तीच्या फोटोंचा एक ब्लॉग करा ना.”

“कशाला?”

“लोक बघतील. फुकट प्लॅटफॉर्म असतात. जागा त्यांची, फोटो आपले. रंग, अक्षर, मांडणी, सगळं हवं तसं बदलता येतं.”

“फुकट?” भिंगाने हातातला चमचा खाली ठेवला. “जावईबापू, दुसऱ्याची जागा, वर सजवायची मोकळीक, आणि भाडं नाही. असा घरमालक कुठे पाहिलात?”

“खाली जाहिरातीची एक पट्टी दाखवतात. त्यावर त्यांचं भागतं.”

त्याने तीन नावं सांगितली आणि म्हणाला, “त्यातलं तिसरं घ्या.”

“तिसरंच का?”

आणि इथे चुकलं. उत्तर देण्याआधी जावयाने बायकोकडे बघितलं. निमिषभरच, पण बघितलं. मग म्हणाला, “तुम्हाला सोपं जाईल म्हणून.”

भिंगाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नुकसान कसं झालं असं विचारल्यावर जो आधी घरच्या माणसाकडे बघतो, त्याच्या दुकानाला आग आपोआप लागलेली नसते, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. जावयाला त्या तिसऱ्या कंपनीकडून काही मिळत असेल? की आपल्या फोटोंवर त्याचा डोळा आहे? औषधांच्या खोक्यांवर तारेची खुर्ची छापून काय मिळणार, हे तिला सुचेना, पण न सुचणं म्हणजे नसणं नव्हे.

ती कामाला लागली. तिन्ही ठिकाणी खाती उघडली, खोट्या नावाने, आणि तिन्हीकडे तोच एक फोटो चढवून बघितला. पहिल्याने आत पाऊल ठेवताच फोनमधले सगळे नंबर मागितले. ती म्हणाली, “का रे बाबा, माझ्या दूधवाल्याशी तुझं काय काम?” आणि खातं बंद केलं. दुसऱ्याने फोटो असा काही दाबून बारीक केला की खुर्चीच्या पायाची तार दिसेनाशी झाली. तारच दिसली नाही तर उरली काय, नुसती मोडकी खुर्ची. राहिलं तिसरं. ते नीट चाललं. फोटो जसाच्या तसा. टेम्प्लेट पुष्कळ, मागचा रंग बदलता येत होता, जाहिरातीची पट्टी करंगळीएवढी, आणि उद्या मन उडालं तर आपलं सगळं सामान एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायची सोय. वापराच्या अटींची कलमं तिने तीनदा वाचली. फोटो तुमचेच राहतील, असं स्वच्छ लिहिलं होतं.

एकही खोट सापडेना, तशी ती जास्तच अस्वस्थ झाली. ज्या दाव्यात सगळे कागद चोख असतात, तो ती नेहमी आधी उघडायची.

आपल्यासारखं खूळ आणखी कुणाला आहे का बघावं, म्हणून तिने त्या तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर शोधाच्या चौकटीत ‘दुरुस्ती’ असा शब्द टाकला. ‘डागडुजी’ नावाचा एक ब्लॉग वर आला. करड्या रंगाचं साधं पान. आणि पहिलाच फोटो तारेच्या खुर्चीचा.

तिचीच खुर्ची. कडेला तिच्याच चपलेचं टोक.

ती खाली खाली जात राहिली. बादली, सायकलची सीट, दोऱ्याने शिवलेला पिशवीचा कप्पा, सगळं तिचं. मालकाचं नाव कुठेच नाही. आणि मग एका फोटोवर तिचं बोट थांबलं. गोदामाचं दार, तुटलेल्या बिजागरीच्या जागी खिळे मारून बसवलेला चामडी पट्टा. ते गोदाम तिच्या हातातल्या दाव्याचं होतं. त्याचा निकाल अजून लागायचा होता. पाहणीच्या जागेचा एकही फोटो बाहेर जाता कामा नये, हा नियम ती नव्या पोरांना स्वतः शिकवायची. चुकून छंदाच्या फोटोंत तो मिसळला होता, आणि आता जगासमोर टांगला होता.

ती तडक छापखान्यात गेली. यंत्रांच्या खडखडाटात जावई पडद्यासमोर बसला होता. सासूबाईंना दारात बघून तो उठला आणि खुर्ची पुढे सरकवली.

“बसायला नाही आले मी. ‘डागडुजी’ उघडा.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने मुकाट्याने ब्लॉग उघडला.

“कुणी केलं हे?”

“मी.”

“माझे फोटो कुठून आणले?”

“तुम्ही फोन द्यायचात ना रिकामा करायला. त्यातून.”

“तुम्हाला द्यायचे का मी?”

“म्हणजे... घरी यायचा फोन. मी घेतले. चूक झाली, आई.”

तिचा आवाज चढला. “मला आंधळं समजलात? आधी परस्पर ब्लॉग करायचा, मग साळसूदपणे सांगायचं, तिसरं घ्या म्हणून? माझी नोकरी जाईल याने, कळतंय का?” शेजारच्या टेबलावरचा माणूस कान देऊन ऐकू लागला. जावई मान खाली घालून उभा. एका शब्दाने उलट बोलला नाही.

त्याच्या गप्प राहण्यानेच ती थांबली. खोटं बोलणारा माणूस या टप्प्यावर हातवारे करतो, कारणं देतो, तिसऱ्याच कुणावर ढकलतो. याने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तिने पडद्याकडे बघितलं. रागाच्या भरात फोटोंखालचे शब्द तिने वाचलेच नव्हते. खुर्चीखाली लिहिलं होतं, ‘हिच्यावर बसणारा एकतर हडकुळा असावा, नाहीतर जिवावर उदार.’

हे वाक्य तिचं होतं. लेकीचं लग्न ठरायच्याही आधी, स्वयंपाकघरात, लेकीला फोटो दाखवताना ती हे बोलली होती आणि दोघी हसत सुटल्या होत्या. बादलीखाली होतं, ‘बूड गेलं, रुबाब नाही गेला.’ तेही तिचंच.

“हे शब्द कुठून आणले, जावईबापू?”

“सुचले.”

“तुम्हाला?”

त्याचे कान लाल झाले. न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो. भिंगाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. “तुम्ही खोटं फार वाईट बोलता,” ती म्हणाली आणि निघाली.

लेक व्यायामोपचाराच्या दवाखान्यात कामाला होती. एका आजोबांचा गुडघा वाकवून झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली आणि आईला बघून काय ते समजली.

“त्याने सांगितलं?”

“त्याने सगळं स्वतःवर घेतलं. चारचौघांत मी त्याला वाट्टेल ते बोलले, आणि त्याने ऐकून घेतलं.”

लेक बाकावर बसली. “तू म्हणायचीस कचरा आहे, टाकून दे. मला टाकवेना. लग्नाआधीपासून लावतेय मी ते. लोक येतात बघायला, आई. एका बाईंनी लिहिलंय की मोडकं कपाट फेकायला काढलं होतं, ते परत आत घेतलं.”

“मग मला सांगायला काय झालं होतं?”

“तुला सांगितलं असतं तर तू सहा महिने चौकशी केली असतीस.”

“केलीच असती!”

“म्हणून तर. आम्ही ठरवलं, तू स्वतःच तोच प्लॅटफॉर्म निवडलास, की हळूच सगळं तुझ्या हवाली करायचं.”

“माझे फोटो, माझे शब्द, आणि मलाच हळूच.” ती लेकीशेजारी बसली. “ते गोदामाचं दार कुठलं आहे, ठाऊक आहे तुला?”

तिने सांगितलं, तशी लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. फोन काढून तिने तो फोटो तिथल्या तिथे ब्लॉगवरून काढून टाकला. रडली मात्र नाही. आईसमोर रडून काही फायदा होत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. “कुणी बघितला असेल?” तिने विचारलं.

“कुणी बघितला नाही असं धरून चालणारी मी आहे का?”

दुसऱ्या दिवशी भिंग आपण होऊन साहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं, लेकीचं नाव वगळून. फोन माझा, चूक माझी. साहेबांनी दाव्याची फाईल मागवली. तो दावा तिच्या हातातून काढून दुसऱ्याकडे दिला आणि तिला लेखी समज दिली. मधल्या सुट्टीत सगळं ऑफिस एकाएकी हळू आवाजात बोलू लागलं. ज्या पोरांना तिने नियम शिकवले होते, ती तिची नजर चुकवत होती. तिने डबा उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

त्या आठवड्यात ती लेकीकडे गेली. दार जावयाने उघडलं. ती उंबऱ्यातच म्हणाली, “त्या दिवशी मी तुम्हाला चोर ठरवलं. माझं चुकलं.”

“असू द्या, आई.”

“असू कसं द्या? मी चारचौघांत बोलले. उद्या छापखान्यात येऊन त्या शेजारच्या टेबलवाल्यासमोरही हेच सांगणार आहे.”

“नको, नको!” जावई पहिल्यांदाच घाईने बोलला, आणि आतून लेक हसली.

मग तिघं पडद्यासमोर बसली. ब्लॉग तिच्या नावावर झाला. प्लॅटफॉर्म तोच ठेवला, कारण तो बरा आहे हे तिने स्वतः तपासलं होतं, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. करडा रंग तिने बदलला, अक्षर मोठं केलं, आणि प्रत्येक फोटो मोठा करून, कुठली जागा, कुणाचं दार, हे आठवल्याशिवाय पुढे सरकली नाही. शंका आली ते तीन फोटो काढून टाकले. लेक कुरकुरली. फोटोंखालचे शब्द मात्र तिने तसेच राहू दिले.

निघताना जावयाने जपून विचारलं, “मग आता फुकटवर भरवसा बसला?”

“भरवसा?” ती चपला घालता घालता म्हणाली. “कलमं बदलतात ते लोक. मी महिन्याच्या महिन्याला वाचणार आहे.”

ती घरी पोहोचते न पोहोचते तोच लेकीचा फोन आला. “आई, एका फोटोखाली शुद्धलेखन चुकलंय, म्हणून आत जात होते, तर माझा पासवर्ड चालतच नाहीये.”

“नाही चालणार,” भिंग म्हणाली. “कुठला शब्द चुकलाय, ते सांग. मी बघते.”