कोरे गाल

झोपेत श्वास अडकतो म्हणून नवरा दौऱ्यावर जाताना श्वासाचं यंत्र घेऊन गेला. मास्क, नळी, पाण्याची बाटली सगळं बायकोनं स्वतः भरलं. दुसऱ्या सकाळी व्हिडिओ कॉल आला.

"झोप लागली का?"

"एकदम मस्त!"

गाल मात्र कोरे! मास्कच्या पट्ट्यांचे वळ चहा होईपर्यंत जात नाहीत, हे तिला पाठ होतं. तिनं हसून फोन ठेवला आणि लगेच त्याच्याच खोलीत उतरलेल्या ऑफिसातल्या हिशेबनीसाला लावला.

"भाऊजी, यांच्या घोरण्याचा त्रास नाही ना झाला?"

"छे हो वहिनी, जरासुद्धा आवाज नाही!"

मास्क नाही आणि घोरणंही नाही. म्हणजे स्वारी त्या खोलीत झोपलीच नव्हती! तिच्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं.

"खरं सांगा, रात्री कुठं होते हे?"

हिशेबनीस चाचरला. "इथंच, खुर्चीत. मी त्यांच्याहून जास्त घोरतो ना, माझाही झोपेत श्वास अडकतो! आज साहेबांपुढे आकडे मला मांडायचे होते, म्हणून त्यांनी यंत्र मला लावलं. मास्कशिवाय झोपले तर त्यांचा श्वास अडकेल म्हणून ते स्वतः जागे राहिले."

तिचा जीव भांड्यात पडला, पण पारा चढलाच.

"त्यांना द्या फोन. अहो, दानशूर! तो मास्क साबणानं धुवा. आज भाऊजी जागतील, तुम्ही झोपायचं. आणि मास्क लावल्यावर मला व्हिडिओ कॉल करायचा. तुमच्या 'एकदम मस्त'वर माझा काडीचा विश्वास नाही."