आत्याचा वाटा

गृहपाठ. नववी, नागरिकशास्त्र.
वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे आपण शिकलो. आता घरी विचारा: आत्याला तिचा वाटा मिळाला का?

हा गृहपाठ अश्लेषाने दिला. ती बंगळूरला, बेळ्ळंदूरच्या शाळेत शिकवते, मूळची निपाणीची. वर्गात तिची भाची शमिकाही बसते. भावाची मुलगी, शिकायला आत्याकडे राहिलेली. म्हणजे शमिकाची आत्या खुद्द बाईच.

आलेली उत्तरे

आत्याने प्रेमाने सोडला.
आत्याला गरज नव्हती. तिचे मिस्टर व्हाइटफील्डला मॅनेजर आहेत.
प्रेमाने.
बाबा म्हणाले, शाळेत हेच शिकवतात का?
प्रेमाने सोडला.
आमची आत्या आता येत नाही. का, ते कुणी सांगत नाही.

शमिकाचं पान कोरं.

"का गं?"

"मी कुणाला विचारू? तूच सांग ना. मिळाला का?"

अश्लेषाने कुकरचं झाकण लावलं. "बघू," म्हणाली. वर्गात हे उत्तर तिने कुणाचं चालवून घेतलं नसतं.

रविवार

शमिकाचे वडील, त्रिविक्रम, निपाणीहून आले. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या देतच घरात शिरले. पिशवीत इरकल साडी, आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि हक्कसोडपत्राचा मसुदा.

"अक्का, गुरुवारी निपाणीला ये. तुझी सही झाली की शेत माझ्या नावावर लागेल. सगळ्याच बहिणी देतात."

"साडी आधी आणलीस. विचारतोयस आत्ता."

"त्यात विचारायचं काय?"

रिकाम्या जागा भरा

अश्लेषाने सही केली, तर वर्गात ती ________.
नाही केली, तर माहेरी ती ________.

पहिली जागा तिला भरता येत होती. दुसरीची भीती वाटत होती. निपाणीच्या घराची पायरी चढताना आतून "आलीस का गं?" असं कुणी म्हणणार नाही, याची.

फोन, स्पीकरवर

आई. अंबुबाई.

"शाळेतलं शाळेत ठेव बाई. भावाचं दार बंद करून घेशील."

"ते दार त्याच्या एकट्याचं कधी झालं, आई?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"मीपण माझा सोडला होता," अंबुबाई म्हणाल्या. "मला तर कुणी सांगितलंही नव्हतं, कशावर सही करतेय ते." आणि फोन ठेवून दिला.

अश्लेषाने ताटं मांडली. मसुदा भावापुढे सरकवला.

"शेत तूच कर, त्रिविक्रम. तुझ्या उसात मी पाय ठेवणार नाही. पण उताऱ्यावर माझं नाव राहील. सही मी करणार नाही."

"लोक काय म्हणतील? बहीण मास्तरीण झाली आणि वाटा मागायला बसली!"

"म्हणू देत. मी मुलांना काय सांगते ते त्यांना ठाऊक नाही. तुझ्या मुलीला ठाऊक आहे."

त्रिविक्रमने शमिकाकडे पाहिलं. "तू गं? तू काय लिहिणार?"

"ते आत्याचं झालं, अप्पा. माझं सांगा. माझ्या भावाइतकं, विराजइतकं, मला देणार ना?"

"देणार म्हणजे? तुला नाही तर कुणाला!" ते ताडकन म्हणाले. "विराज नाही म्हणाला तर कान उपटीन त्याचे!"

मग थांबले. समोर बहीण बसली होती. त्यांनी भात कालवला, पुन्हा कालवला.

"स्वल्प आमटी वाढ, अक्का," म्हणाले.

"'थोडी' सोडून हे कानडी 'स्वल्प' कधी म्हणायला लागलास?"

"रिक्षावाल्याने शिकवलं. पोरीच्या शाळेत मला कोण घेणार?"

शमिका हसली. अश्लेषाने आमटी वाढली. त्रिविक्रमने मसुद्याची घडी घालून खिशात टाकली आणि उष्ट्या हाताने, करंगळीने फोन लावला.

"आई, सही होणार नाही. अक्काचं नाव राहतंय... नाही गं, भांडलो नाही. जेवतोय आम्ही... दिवाळीला येणार का? थांब, तिलाच विचार."