खंडेनवमीचे तेल

मित्रांनो, आळंदच्या भंगारवाल्याकडे गंजक्या पत्र्यांना टेकवून ठेवलेला मी एक म्हातारा ट्रॅम्पोलिन आहे. नाव अवघड वाटले तर सोडून द्या. निंबर्ग्यात मला सगळे ‘उडती बाज’च म्हणत. लोखंडी चौकट, तिला चारी बाजूंनी स्प्रिंगा आणि मधे ताणून बसवलेले काळे नायलॉनचे कापड, एवढाच माझा देह. पण त्यावर उडी मारणारी पोर छताकडे झेपावायची तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, खोटे कशाला बोलू?

माझे तारुण्य बेंगळुरूच्या एका क्लबात गेले. तिथे नवे साधन आले आणि मी अडगळ झालो, तेव्हा नागरत्ना अक्काने मला मागून आणले. ती निंबर्ग्याच्या शाळेत खेळ शिकवायची. गावातल्या पोरींना स्पर्धेत उतरवायचे तिच्या मनात होते. माझ्यासाठी उंच छत लागते, आणि तसे छत गावात एकच, मडिवाळप्पांच्या तुरीच्या गोदामाचे. मग मी पोत्यांच्या शेजारी नांदू लागलो. धुळीने जीव नकोसा व्हायचा, पण पोरी आल्या की तक्रार विसरायचो.

नव्या पोरीला अक्का आधी उडायला नाही, थांबायला शिकवायची. पाय टेकताच गुडघे वाकवायचे, म्हणजे उसळी जागीच जिरते. पोरी कंटाळायच्या, पण अक्का ऐकायची नाही. दुसरा नियम म्हणजे चढण्याआधी कोरड्या फडक्याने माझे कापड पुसायचे. ते काम सगळ्यात नव्या पोरीचे.

त्या वर्षी नवी होती शांभवी, तेलघाणेवाल्या सिद्धप्पांची लेक. अंगाने किरकोळ, पण हट्टी. दिवाळीनंतर कलबुर्गीला नवख्या मुलांची स्पर्धा होती आणि अक्काने तिला निवडले होते. सिद्धप्पांना आधी हे मुळीच पसंत नव्हते. मग एकदा ते तिला न्यायला आले आणि नेमकी तिने हवेत कोलांटी घेतली. तेव्हापासून ते रोज पोत्यावर येऊन बसायचे. घाण्यावर करडई घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला लेकीच्या कोलांटीची गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी झाडून सगळी अवजारे पुजतात. सकाळीच सिद्धप्पा ताजे करडईचे तेल घेऊन आले. त्यांनी माझ्या स्प्रिंगांना तेल लावले, चौकटीला कुंकू लावले, झेंडूची माळ बांधली. शेवटी घरच्या घाण्यावर उठवतात तसा, तेलात बुडवलेल्या पंजाचा ठसा त्यांनी माझ्या कापडावर उठवला. काळ्या कापडावर तो लांबून दिसतही नव्हता. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नव्हता. बेंगळुरूत कुणी साधे फूलही वाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. बन्नीची, म्हणजे शमीची, पाने देऊन-घेऊन झाल्यावर पोरी सरावाला आल्या. शांभवीने फडका घेतला आणि सगळे कापड पुसले, फक्त ठशाला वळसा घातला. पूजेचे पुसू नये, असे तिला घरी शिकवले होते.

“पुसलीस का गं सगळं?” अक्काने लांबून विचारले.

“व्हय, अक्का.”

ती उंच गेली. खाली आली ती नेमकी त्या ठशावर. शिकवल्याप्रमाणे तिने गुडघे वाकवले, पण पाय थांबला नाही. ती घसरत जाऊन चौकटीवर आदळली. गुडघा मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो अजून माझ्या कानांत आहे.

लोक धावत येईपर्यंत तिने आपल्या पायाचा तेलकट तळवा झग्याला पुसून टाकला होता. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत राहिली, की माझेच ध्यान नव्हते. सिद्धप्पा आले आणि अक्कासमोर उभे राहिले. “तुमच्या खेळानं माझ्या लेकीचा पाय घेतला,” ते म्हणाले. थांबायला शिकवण्यातच आपण कुठेतरी कमी पडलो, असे अक्काने मनाशी धरले.

मग आयांनी पोरी पाठवणे बंद केले. अक्का काही दिवस एकटीच यायची आणि माझ्या चौकटीशी नुसती बसून राहायची. पुढे ती कलबुर्गीला गेली. आता ती कुणालाच शिकवत नाही म्हणे. माझ्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर तुरीची पोती.

परवा मडिवाळप्पांनी मला भंगारात काढले. मला उचलू लागायला गावातून सिद्धप्पा आले, बरोबर शांभवी. ती आता मोठी झाली आहे, एक पाय जरा ओढत चालते. तिने ताडपत्री काढून झाडू मारला. सगळी धूळ उडाली, पण एका जागची निघाली नाही. करडईचे तेल वाळले की डिंकासारखे चिकटते. त्यात धूळ बसून पंजा स्पष्ट उमटला होता, आणि तिथून थेट चौकटीपर्यंत घसरलेल्या टाचेचा ओरखडा.

सिद्धप्पांनी आपला पंजा हळूच त्यावर ठेवला. तो बरोबर बसला.

“ह्यो तर माझा हात हाय.”

“माहीत हाय, अप्पा.”

“मग कामून सांगितली न्हाईस?”

“सांगितलं असतं, तर तुमी पुन्हा घाण्याला हात लावला असता व्हय?”

सिद्धप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तो ठसा पुसू लागले. किती तरी वेळ पुसत होते. निघाला नाही. मग भंगारवाल्याने घाई केली आणि मला टेंपोत चढवले. बापलेक पुढे काय बोलले, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याची पूजा जरूर करा, पण त्याला काय हवे तेही बघा. मला एक कोरडा फडका पुरला असता. आणि माझे एक काम कराल? कलबुर्गीला कधी नागरत्ना अक्का भेटली, तर तिला सांगा की तिच्या शिकवण्यात काही उणे नव्हते. पोरीने गुडघे अगदी बरोबर वाकवले होते.