आळणी काड्या

खाजणातली ती वनस्पती मी पहिल्यांदा ओळखली तीच चुकीची. भरतीचं पाणी येतं-जातं त्या चिखलात दोन हिरव्या गोष्टी शेजारी शेजारी उगवतात. एकीला बारीक, गुबगुबीत पानं असतात. दुसरीला पानंच नाहीत, नुसत्या पेरापेरांच्या काड्या. मी ऐटीत पहिली उपटून रोपवाटिकेत काम मागायला नेली. रोपवाटिकेच्या बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. त्यांनी खरी काडी पेरावर मोडून माझ्या जिभेवर ठेवली. करकरीत, खारट. म्हणाल्या, ही बियांपासून ट्रेभर वाढवून दाखव, मग किनाऱ्यावरची वाटिका तू सांभाळ, आणि तिथली खोलीही तुझी.

खोली! दादाच्या घरात मी आणि आई स्वयंपाकघरालगतच्या बोळात झोपतो. आमच्या गाद्या सगळ्यांच्या पायात येतात. वहिनी वाईट नाही. पण ‘तू काय, घरीच असतेस’ हे तिचं वाक्य सकाळपासून माझ्या मानगुटीवर बसतं. दादाला सांगायला जावं तर तो पेपरात डोकं खुपसतो. माझा त्या घरात जीव घुसमटत होता, सरळच सांगते.

ट्रे गॅलरीत ठेवला. सकाळी डब्यात मिठाचं पाणी कालवून ठेवायचे, संध्याकाळी रोपांना घालायचे. रोपं उगवली, पेरं धरली, आणि मग फिकी पडून माना टाकू लागली. मी माती बदलली, ट्रे उन्हात सरकवला, बियांना शिव्या घातल्या. शेवटी वैतागून एक शेंडा मोडून तोंडात टाकला. आळणी. डब्यातलं पाणी चाखलं. तेही जवळजवळ गोडच.

चव घेऊन मीठ सारखं करणारं माणूस आमच्या घरात एकच. लोकांकडे जेवायला गेली तरी आई चमचा घेऊन पातेल्यापाशी उभी. मी तिला धरलंच. म्हटलं, अगं, ते झाडांचं पाणी आहे, पोरांचं जेवण नाही. खारट लागलं म्हणून तिनं सवयीनं साधं पाणी ओतलं असेल, असं मला वाटत होतं. खरं तर तसंच असावं असं वाटत होतं.

ती भांडी पुसत राहिली.

“मला ठाऊक होतं ते कशाचं आहे,” ती म्हणाली. “तू गेलीस की ह्या बोळात मी एकटीच.”

माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोलले, तिच्यामुळे माझं आयुष्य सडलं इथपर्यंत. तिनं फडकं खाली ठेवलं. मग विचारलं,

“तिथं खाटा किती मावतील?”

“एक.”

तिनं मान हलवली. मिठाची बरणी काढली, डब्यात मूठ सोडली, ढवळलं, बोट बुडवून चाखलं आणि आणखी चिमूटभर घातलं.

“आता बघ,” म्हणाली.

मी चाखलं. जिभेवर अगदी खाजणच. रोपं आता तग धरतील, ताठ होतील, हे मला कळलं. वहिनीनं आतून हाक मारली. मी डबा हातात धरून आईसमोर उभी होते, आणि मला ना आत जाता येत होतं, ना गॅलरीत.