दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

"भावजी, ते दोनलाच गेले ना हो?" थोरल्याची बायको पंपघराच्या दारातूनच विचारत होती. "डॉक्टर तसंच म्हणाले. मला तेवढाच धीर आहे बघा. तुमची वाट बघत एकटे बसले नाहीत."

धाकट्याच्या हातात थोरल्याची कच्ची वही होती. थोरला गेल्यापासून वर्षभर त्याने वहीला हात लावला नव्हता. आज वहिनी सामान न्यायला येणार म्हणून कपाट उघडलं, वही चाळायला घेतली आणि बसला तो बसलाच.

थोरला आणि धाकटा ही कामावरची नावं. नात्याने दोघं एकमेकांचे कोणीच नव्हते. एकोणीस वर्षं एकाने पाळी सोडायची, दुसऱ्याने घ्यायची. पाळी संपताना पाण्याच्या मीटरवर जो आकडा असेल तो भागाकार करून फोडायचा, हा दोघांचा खुळा नाद. दोन, तीन, पाच तोंडी. मग सातपासून एकेक मूळसंख्या, पार वर्गमुळापर्यंत. कशानेच भाग गेला नाही तर आकडा अडेलतट्टू ठरायचा आणि पाळी घेणाऱ्याने चहा पाजायचा. थोरला कॅलक्युलेटरला शिवत नसे. मिनिटाला एक भागाकार, ना कमी ना जास्त.

त्या दिवशी दोन वाजताचा आकडा होता १०२२११७. दोनला पाळी घ्यायची होती धाकट्याने. तो घरी जेवून जरा आडवा झाला आणि घोडे विकून झोपला. पाचला धावतपळत पोचला, तर थोरला टेबलावर डोकं टेकून संपलेला. पंपघरात फोन नव्हता. नोंदवहीतली शेवटची वेळ दोनची. डॉक्टरांनीही तीच धरली. धाकट्याने मनातल्या मनात त्यांचे पाय धरले होते.

आणि आता ही वही. सात, बाकी पाच. अकरा, बाकी आठ. तेरा, बाकी पाच. पानांमागून पानं. सातशेच्या पुढे अक्षर थरथरलेलं. ९९७, बाकी १९२. त्याखाली १००९ मांडलेला, पुढे काहीच नाही. त्याने पूर्ण झालेले भागाकार मोजले. एकशे पासष्ट. दोनपासून मिनिटाला एक, म्हणजे पावणेपाच. आपण कूस बदलत होतो तेव्हा हा माणूस इथे बाकी काढत बसला होता.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटका होती.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "पावणेपाचपर्यंत होते. माझीच वाट बघत. मी झोपलो होतो."

वहिनी आत आल्या, वही घेतली, शेवटचं पान पाहिलं.

"हा एक का सोडला त्यांनी?"

"सोडला नाही. राहिला."

"मग करा की."

त्याने केला. भागाकार १०१३, बाकी शून्य. "फुटला," तो कसाबसा म्हणाला. "शेवटच्याच भागाकाराला फुटला."

वहिनींनी स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसल्या. "आता मला पहिल्यापासून करून दाखवा. एकही गाळायचा नाही."

धाकट्याने कोरं पान काढलं, आकडा लिहिला, सात मांडले.

"बाकी?" वहिनींनी विचारलं.

"पाच."

"पुढचा."