चालवणाऱ्याचं ताट

आमचे बाबा गाडी शिकवतात. गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी आहे आणि शेजारच्या सीटपुढे त्यांचा स्वतःचा क्लच अन् ब्रेक. चालवणारा काहीही करो, बाबांनी पाय दाबला की गाडी थांबते. हाच पाय घरातही चालतो, फक्त तिथे तो दिसत नाही.

शहरातल्या अर्ध्या बायका त्यांच्याकडे शिकल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय, ‘महिलांसाठी खास सोय’. घरातल्या महिलेची खास सोय म्हणजे मागची सीट आणि मांडीवर पाण्याचा कॅन. आईने एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा ना. बाबा म्हणाले, “घरात एक ड्रायव्हर असताना दुसरा कशाला? मीठ घातलेल्यात परत मीठ घालतं का कोणी?” आई गप्प बसली. आई गप्प बसली की विषय मिटला, असा आमच्या घरात समज आहे.

दर उन्हाळ्यात आम्ही त्याच गाडीने धबधबा बघायला जातो. मी, आई, बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. उन्हाळ्यात धबधब्याला पाणी नसतं. पण सुट्ट्या उन्हाळ्यातच असतात, त्याला धबधबा तरी काय करणार? आम्ही घाट चढून कोरडा कातळ बघतो. बाबा बोट दाखवतात, “तिथून पडतं.” आम्ही माना वर करून तिथे बघतो. मग घरी येतो.

यंदा निघायच्या तोंडावर बाबा टपावरची पाटी पुसताना स्टुलावरून पडले. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. जन्मभर शिकाऊ लोकांच्या हाती जीव दिलेल्या माणसाला शेवटी स्टुलाने पाडलं. मला चालवता येत नाही. बाबांनी मला शिकवायला घेतलं होतं आणि तिसऱ्याच दिवशी सोडलं, कारण मी उलट बोलते.

“मग यंदा राहू दे,” आत्या म्हणाली.

आईने पर्समधून लायसन्स काढलं आणि जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी ठेवलं.

बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं. फोटोत आई हसत होती. घरातल्या एकाही फोटोत ती तशी हसलेली नाही.

“कुणाकडे शिकलीस?”

“शिकले.”

“वहिनी,” आत्या म्हणाली, “तू तर पोचलेली निघालीस गं!”

निघालो. आई चालवायला, बाबा शेजारी. त्यांचा डावा पाय ठणठणीत होता. सिग्नलला ब्रेक. वळणाला ब्रेक. समोर कुत्रं नसताना, येऊ शकतं म्हणून ब्रेक. दर वेळी आत्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटे.

“अरे, माझी मान मोडतोस का?”

“मला काय म्हणतेस? चालवतेय ती.”

“चालवतेय ती, थांबवतोयस तू.”

 गाडी थांबली की आई गिअर बदलायची आणि पुन्हा निघायची. असं करत घाटाला लागलो. पहिल्याच चढावर पुढचा ट्रक थांबला, आम्हीही थांबलो.

चढावरून गाडी काढायची बाबांची रीत ठरलेली आहे. क्लच अर्धा सोडायचा, गाडी थरथरली की ब्रेकवरचा पाय उचलायचा. हँडब्रेकला हात लावला की ते विद्यार्थ्याच्या मनगटावर फटका देतात. हँडब्रेकची रीत टकल्याची. टकल्या म्हणजे आमच्या दुकानासमोरचा दुसरा गाडी शिकवणारा. बाबा त्याचं खरं नाव तोंडातून काढत नाहीत.

ट्रक हलला. आईने हँडब्रेक ओढूनच ठेवला होता. क्लच सोडता सोडता तिने तो अलगद खाली केला. गाडी तसूभर मागे न येता वर निघाली.

बाबांचा चेहरा उतरला. “टकल्याकडे?”

“हो.”

“माझ्या दुकानासमोर?”

“तुम्ही काचेला पाठ करून बसता.”

त्यानंतर खानावळ येईपर्यंत बाबांनी एकदाही ब्रेक मारला नाही. मला वाटलं, सुटलो. मी मूर्ख.

खानावळ अर्ध्या घाटात आहे. मालक बाबांचा जुना विद्यार्थी. त्याने भिंतीवर आपला नियम रंगवून घेतलाय: ‘चालवणाऱ्याला आधी, चालवणाऱ्याला फुकट.’ ड्रायव्हरचं टेबल वेगळं, स्वयंपाकघराच्या दाराशी, पंख्याखाली. त्या ताटात अख्खा तळलेला मासा. बाकीच्यांना तुकडे. दर वर्षी बाबा तिथे बसून अख्खा मासा खातात आणि आम्ही तिघी भिंतीकडे तोंड करून तुकडे खातो. याला आमच्याकडे सहकुटुंब सहल म्हणतात.

आई गाडी सावलीत लावून आली. हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ ड्रायव्हरच्या टेबलाकडे गेली. सकाळपासून ती याच टेबलाकडे गाडी आणत होती, हे मला तेव्हा कळलं. तिथे बाबा आधीच बसले होते. कुबडी भिंतीला टेकवलेली.

“मास्तर, मोडक्या पायाने गाडी आणलीत?” मालक त्यांच्यापुढे ताट ठेवत म्हणाला. “मानलं बुवा तुम्हाला!”

आम्ही तिघींनी बाबांकडे बघितलं. एक शब्द पुरला असता.

“सवय असते,” बाबा म्हणाले आणि माशाला हात घातला.

मी तोंड उघडलं. आईने माझा दंड दाबला. गाडीची चावी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली आणि आमच्या टेबलावर येऊन बसली. तिच्या वाट्याला शेपटीचा तुकडा आला. ती त्याला शिवलीसुद्धा नाही.

“वहिनी, खाऊन घे गं. मेला लहानपणापासून असलाच आहे.”

“चालवणाऱ्याचं आधी होऊ दे, वन्सं. पोटभर जेवतील आणि चालवतील.”

आम्हाला वाटलं टोमणा आहे. जेवणं झाल्यावर आई गाडीपाशी गेली आणि शेजारच्या सीटवर बसली. बाबांच्या.

“वेड्यासारखं करू नकोस,” बाबा हळू आवाजात म्हणाले.

“चावी तुमच्याकडे आहे.”

मालक दारात येऊन उभा होता. बरोबर दोन ट्रकवाले. मास्तर प्लास्टर घालून कसे चालवतात ते त्यांना बघायचं होतं. बाबा बसले. मोडलेला पाय परवडतो, मोडलेली ऐट परवडत नाही.

“मी खालीच बरी,” आत्या म्हणाली. मीही खालीच थांबले.

बाबांनी पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. प्लास्टर ॲक्सिलरेटरवर पडलं ते उचलेचना. गाडी बोंब मारत पाण्याच्या टाकीकडे सुटली आणि थांबली. इतकी नीट थांबली की टपावरची पाटीसुद्धा हलली नाही.

आईचा पाय ब्रेकवर होता. बाबांच्या ब्रेकवर.

कोणी हसलं नाही. बाबा उतरले, कुबडी मागितली आणि मालकापुढे जाऊन उभे राहिले.

“एक ताट लाव. ड्रायव्हरचं.”

“तुमचं झालं ना, मास्तर?”

“माझं गिऱ्हाइकाचं धर. गाडी ही चालवते.” घशात काटा अडकल्यासारखे ते थांबले. “टकल्याकडे शिकलीय.”

आई पंख्याखाली एकटी बसून अख्खा मासा जेवली. सावकाश, काटे ताटाच्या कडेला लावत. आम्ही बाहेर उन्हात उभे. मालक तिला विचारून गेला, अजून काही आणू? जेवताना तिला असं कोणी विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. तिने अजून एक मासा मागितला.

पुढच्या घाटात बाबांनी डावा पाय दुमडून सीटवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. वळण आलं की पाय सुटायला बघे. बाबा अजून घट्ट धरत.

धबधब्याचा कातळ नेहमीसारखा कोरडा. एक सरडा होता. बाबांनी बोट दाखवलं, “तिथून पडतं.”

“दिसत तर काही नाही,” आई म्हणाली. “पावसाळ्यात येऊन बघेन.”

“पावसाळ्यात तुला इथे कोण आणणार?” बाबा सवयीने म्हणाले.

 बोटात चावी फिरवत आई गाडीकडे चालायला लागली.

बाबांनी डावा पाय जमिनीवर दाबला. काही थांबलं नाही.